चोरी गाडीची, झडती मालकाची

धरणगावासारख्या तालुक्याच्या गावी एखाद्याची गाडी रात्रीतून दारापुढून नाहीशी झाली, की सकाळी जमलेल्या मंडळींच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो असा : ‘भाऊ, विमा होता का?’ शेजारी हे विचारतात, ठाण्यातील अंमलदार विचारतो, कर्ज देणाऱ्या पतसंस्थेचा वसुली कारकूनही विचारतो. उत्तर ‘नव्हता’ असे आले की सहानुभूतीचा सूर बदलतो. ज्याच्या घरी चोरी झाली तोच बेफिकीर ठरतो आणि ज्याने चोरी केली त्याचा विसर पडतो. हा बदल किरकोळ नाही. एका सामाजिक प्रश्नाला वैयक्तिक चुकीचे रूप देण्याची जी रीत आज सर्वत्र रूढ झाली आहे, तिचेच हे खेड्यातील दर्शन होय.

विम्याविना असलेली ही गाडी कोणाची असते, हे प्रथम पाहावयास हवे. बागाईतदाराची किंवा कंत्राटदाराची नवी मोटार सहसा पूर्ण विम्यासहच दुकानातून बाहेर पडते. विम्याविना राहते ती दहा-बारा वर्षे वापरलेली, दुसऱ्या वा तिसऱ्या हाताची गाडी. एरंडोल, चोपडा, अमळनेरच्या रस्त्यांवर प्रवासी नेणारी जुनी जीप, जळगावच्या बाजारात भाजीपाला पोहोचविणारा छोटा टेम्पो, किंवा कापसाच्या हंगामात चार पैसे मिळतील या आशेने कर्ज काढून घेतलेली जुनी मोटार. ही चैनीची वस्तू नव्हे. सुताराचा रंधा किंवा शेतकऱ्याची बैलजोडी जशी, तसे हे श्रमाचे साधन आहे. बैलजोडी चोरीस गेलेल्या शेतकऱ्याला कोणी बेजबाबदार म्हणत नाही. मग गाडीवाल्याला का म्हणावे?

कायद्याची सक्ती कोणासाठी?

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ ने ज्या विम्याची सक्ती केली आहे, तो तृतीय पक्षाचा विमा होय. गाडीखाली सापडलेल्या पादचाऱ्याला, सायकलवाल्याला, त्याच्या विधवेला भरपाई मिळावी, हा त्याचा हेतू. १९३९ च्या जुन्या कायद्यातही ही तरतूद होती. गाडीवाल्यांमध्ये ‘पासिंगपुरता विमा’ म्हणतात तो हाच. ज्याच्याकडे हा विमा आहे तो आपली गाडी विम्यात आहे अशा समजुतीत असतो. पण गाडी चोरीस गेली तर या कागदावर एक पैसाही मिळत नाही, हे त्याला चोरी झाल्यानंतरच उमगते.

या सक्तीला विरोध करण्याचे कारण समाजवाद्यांना नाही. रस्त्यावर मरतो तो बहुधा पायी चालणारा गरीबच असतो. त्याच्या हक्कासाठी असलेला विमा गाडीवाल्याने, मग तो स्वतः कितीही गरीब असो, भरलाच पाहिजे. तो न भरणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या वेळी दोन हजार आणि पुन्हा सापडल्यास चार हजार रुपये दंड आहे, आणि तो योग्यच आहे. मात्र हा अपराध पादचाऱ्याविरुद्धचा आहे, चोराविरुद्धचा नव्हे. मालकाच्या हातून एक चूक झाली म्हणून त्याची मालमत्ता चोरणे क्षम्य होत नाही, की पोलिसांचे कर्तव्य कमी होत नाही.

राहता राहिला चोरीचा विमा. तो ऐच्छिक आहे, म्हणजे बाजाराच्या हवाली आहे. १ जानेवारी २००७ पासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर कंपन्यांवर सोपविण्यात आले. तेव्हापासून कोणाला विमा द्यावा, काय दराने द्यावा, हे नफ्याच्या हिशेबाने ठरते. गाडी जितकी जुनी तितकी कंपनी नाखूष. शिवाय या हप्त्यावर १८ टक्के कर आहे. ज्याचे घर रोजच्या भाड्यावर चालते, त्याने कर्जाचा हप्ता, डिझेल, टायर, पासिंग आणि मुलांची फी यांतून उरलेल्या पैशात हा खर्च बसवावा, अशी अपेक्षा केली जाते. तो बसत नाही. मग त्याला बेफिकिरी म्हणतात. वस्तुतः ती बेफिकिरी नसून दारिद्र्याने केलेली निवड आहे.

गाडी गेली तरी कर्ज जात नाही. चोरीने कर्जाचा करार संपत नाही. हप्ते चालू राहतात, व्याज चढते आणि वसुली अखेर जामीनदाराच्या दारात पोहोचते. जामीनदार कोण असतो? बहुधा मेहुणा, चुलतभाऊ किंवा तसाच कोणी हातावर पोट असलेला. अशा रीतीने एका रात्रीच्या चोरीने दोन-तीन घरे खाली बसतात.

ठाण्याच्या पायरीवर

विमा नसला तरी मालकाचे हक्क शाबूत असतात. त्याला ते ठाऊक नसतात इतकेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. हद्दीचे कारण सांगून माणसाला परत पाठविता येत नाही. खबर नोंदल्यावर तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळाली पाहिजे. ठाण्याने नकार दिल्यास लेखी खबर जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठविता येते, आणि तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळविण्याचे बंधनही याच संहितेत आहे. यांपैकी एकाही ठिकाणी विम्याची अट नाही.

प्रत्यक्षात विमा नसलेल्याची फिर्याद ठाण्याला निरुपयोगी वाटते. ‘कंपनीकडून पैसे मिळावयाचे नाहीत, मग गुन्हा नोंदवून काय करणार?’ हा प्रश्न पोलिसांच्या तोंडी शोभणारा नाही. फिर्याद ही विमा कंपनीच्या कागदपत्रांची पुरवणी नव्हे. शिवाय तिचे तातडीने नोंदणे विमा नसलेल्यालाच अधिक गरजेचे असते. चोरलेल्या गाडीने कोठे अपघात केला किंवा ती एखाद्या गुन्ह्यात वापरली गेली, तर नोटीस येते ती नोंदणीपुस्तकावरील मालकाच्या नावाने. आणि त्याच्या पाठीशी उभी राहावयास कंपनी नसते. गाडी आपल्या ताब्यात नव्हती हे दाखविणारा त्याचा पहिला पुरावा म्हणजे वेळेवर दिलेली खबर. तिची प्रत प्रादेशिक परिवहन कार्यालयात आणि कर्ज देणाऱ्या संस्थेकडे पोच घेऊन देणे, हे याच कारणासाठी आवश्यक ठरते.

खानदेशातून उत्तरेस सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश, पश्चिमेस नवापूरच्या पुढे गुजरात. गाडी एकदा राज्याबाहेर गेली की तपास मंदावतो आणि काही महिन्यांनी ‘अ’ समरी, म्हणजे गुन्हा खरा पण छडा लागला नाही, असा शेरा पडतो. सुदैवाने गाडी सापडलीच तर ती मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात गंजत पडते. जप्त वाहने ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात काही अर्थ नाही, छायाचित्रे व पंचनामा करून, बंधपत्र घेऊन ती परत द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ साली स्पष्ट केले आहे. तरीही आवारातील गाड्यांचे सांगाडे हलत नाहीत. कारण अर्ज कोणी करावयाचा आणि कोठे, हे गरीब मालकाला कोणी सांगत नाही.

आणखी एक धोका येथेच सांगितला पाहिजे. छडा लागत नाही तेव्हा संशय वस्तीवर जातो. ज्या धरणगावात १८२५ च्या सुमारास कंपनी सरकारने औट्रमच्या हाताखाली भिल्ल पलटण उभारली, त्या प्रदेशाला हा इतिहास नवा नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला. पण तो मनातून रद्द झालेला नाही. पारध्याच्या किंवा भिल्लाच्या पोराला उचलून आणल्याने गाडी परत मिळत नाही. एका गरिबाच्या नुकसानीचे निवारण दुसऱ्या गरिबाच्या पाठीवर होऊ देता कामा नये.

मागणी काय असावी?

‘एकाच्या चुकीचा भार समाजाने का वाहावा?’ असा आक्षेप येईल. त्याला उत्तर कायद्यातच आहे. ठोकर देऊन पळालेली गाडी सापडली नाही, तर मृताच्या वारसांना भरपाई देण्याची योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून ती रक्कम दोन लाख रुपये आहे. म्हणजे अपराधी अज्ञात असताना नुकसानीची जबाबदारी समाजाने घ्यावी, हे तत्त्व मान्य झालेले आहे. मृत्यूची आणि चोरीची बरोबरी होऊ शकत नाही, हे खरे. परंतु उपजीविकेचे एकमेव साधन गमावणे हीही आपत्तीच आहे.

सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले ते अशाच विचाराने. १९७२ च्या कायद्याने १०७ विमा संस्था एकत्र करून चार सरकारी कंपन्या उभ्या राहिल्या. विमा ही सामाजिक सोय आहे, केवळ धंदा नव्हे, ही त्यामागील भूमिका होती. पुढे १९९९ साली खाजगी कंपन्यांना दार उघडले, परकीय भांडवलाची मर्यादा २६ वरून ४९ आणि २०२१ साली ७४ टक्क्यांवर गेली. स्पर्धेने विमा तळागाळात पोहोचेल, असे तेव्हा सांगण्यात आले. जुन्या जीपच्या मालकापर्यंत तो पोहोचला आहे काय?

म्हणून मागणी नेमकी असावी. उपजीविकेच्या जुन्या वाहनांसाठी तृतीय पक्षाच्या विम्यालाच जोडून आग व चोरी यांपुरते माफक संरक्षण सरकारी कंपन्यांनी ठरीव दराने द्यावे. असा मर्यादित विमा या धंद्याला अपरिचित नाही. त्यावरील कर उठवावा. चोरीची फिर्याद नोंदलेल्या कर्जदाराला सहकारी संस्थांनी व बँकांनी हप्त्यांची मुदतवाढ द्यावी, आणि त्या काळात जामीनदाराला हात लावू नये.

या मागण्या मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांना करण्यासारखे काम पुष्कळ आहे. गाडी चोरीस गेलेल्या माणसाबरोबर त्याच दिवशी ठाण्यात जावे, खबरीची प्रत हाती आल्याशिवाय परतू नये. परिवहन कार्यालयाचा व पतसंस्थेचा अर्ज त्याला लिहून द्यावा. नव्वद दिवस झाले की तपासाची विचारणा लेखी करावी. गाडीवाल्यांच्या थांब्यावर एक दिवस बसून प्रत्येकाच्या विम्याचा कागद वाचून दाखवावा, म्हणजे त्यात काय आहे आणि काय नाही, हे चोरी होण्यापूर्वीच कळेल. ‘विमा होता का?’ हा प्रश्न विचारण्याची खरी वेळ ती आहे. चोरीनंतरच्या सकाळी प्रश्न विचारावयाचा तो पोलिसांना, आणि तो एवढाच : गुन्हा नोंदला का?