जोडीतील एक जुना राहू द्यावा

पेढीवरील बिलाचे यंत्र, कार्डाने पैसे घेण्याची सोय, गोदामाचा साठा आणि शाखांचा हिशेब या सर्वांची वाट आज राऊटर नावाच्या एका लहानशा पेटीतून जाते. ती पेटी बंद पडली की गल्ल्यावर बसलेल्या माणसाचे हात बांधले जातात. म्हणून ज्यांचा कारभार मोठा, ते राऊटरची जोडी बसवितात. चालू राऊटर सामान्यतः दर सेकंदाला आपण जागे असल्याचा निरोप देतो; तीन-साडेतीन सेकंद निरोप आला नाही, की दुसरा कारभार हाती घेतो. ‘व्हीआरआरपी’ या पद्धतीची ही नेहमीची चाल होय.

परंतु जोडीमुळे मिळणारे संरक्षण यंत्र बिघडण्यापासूनचे आहे. सॉफ्टवेअर सदोष असेल, तर ते दोघांतही तितकेच सदोष असते. भेसळीचे तेल दोन्ही समयांत एकाच डब्यातून घातले, तर दुसरी समई उजेड देणार कशी?

कॅनडातील रॉजर्स या दूरसंचार कंपनीचे उदाहरण येथे बोलके आहे. ८ जुलै २०२२ च्या पहाटे तिच्या मुख्य जाळ्यात सुधारणेचे काम चालू होते. सात टप्प्यांपैकी हा सहावा. बदल सॉफ्टवेअरचा नव्हता, राऊटरच्या मांडणीतील होता. एक गाळणी काढली गेली आणि मार्गांच्या माहितीचा लोंढा मुख्य राऊटरांवर आदळला. पर्यायी यंत्रे होती, पण लोंढा सर्वांवर सारखाच आला. मोबाइल आणि घरगुती इंटरनेट एकाच गाभ्यावर असल्याने एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा खंडित झाली. ‘इंटरॅक’ ही डेबिट व्यवहारांची व्यवस्था ठप्प झाल्याने देशभर दुकानदारांना रोख रक्कम मागावी लागली. अभियंत्यांची राऊटरपर्यंत पोहोचण्याची वाटही त्याच जाळ्यातून जात होती. खरे कारण हाती येण्यास सुमारे चौदा तास लागले.

पुढील चौकशीत एक गोष्ट उघड झाली. या कामाचा धोका प्रारंभी ‘अधिक’ धरला होता. आधीचे टप्पे सुरळीत पार पडले म्हणून तो ‘कमी’ ठरविला गेला आणि तपासणीही त्या मानाने सैल झाली. सलग पाच हुंड्या वटल्या म्हणून सहावी न वाचता स्वीकारणारा व्यापारी आपण शहाणा मानू काय?

म्हणून जोडीचे सॉफ्टवेअर बदलताना क्रम सांभाळावा. प्रथम दोन्ही राऊटरच्या मांडणीची प्रत बाहेर काढून ठेवावी आणि जुने सॉफ्टवेअर पुसू नये. नंतर केवळ राखीव राऊटर नवा करावा. तो सर्व मार्ग पूर्ववत ओळखतो, याची खात्री झाल्यावर कमी वर्दळीच्या वेळी कारभार मुद्दाम त्याच्याकडे सोपवावा. कित्येक राखीव यंत्रांवर बसविल्या दिवसापासून कधी भारच आलेला नसतो. त्यांची खरी परीक्षा हीच. दुसरा राऊटर काही दिवस जुनाच राहू द्यावा, म्हणजे दोष दिसताच क्षणात मागे फिरता येते. मात्र दोन आवृत्त्या इतके दिवस एकत्र चालतात का, हे निर्मात्याकडून आधी जाणून घ्यावे. आणखी एक: पुन्हा सुरू झालेला मूळ राऊटर मार्ग शिकण्याआधीच कारभार परत ओढून घेऊ शकतो, काम चालू असेपर्यंत ही आपोआप होणारी अदलाबदल बंद ठेवावी.

हे सर्व आपला तंत्रज्ञ करील. विचारणे मात्र मालकाचे काम आहे. मागे फिरण्याची वाट कोणती? निर्णय कोण घेणार, किती मिनिटांनी? जाळे बंद पडल्यास राऊटरपर्यंत कोणत्या दुसऱ्या कंपनीच्या जोडणीने पोहोचणार? उत्तरे लेखी घ्यावीत. दिवाळीचा आठवडा आणि जीएसटी विवरणपत्राचे अखेरचे दिवस या कामासाठी वर्ज्य मानावेत.

ज्यांच्या दुकानात एकच राऊटर आहे, त्यांनाही यातून घेण्यासारखे आहे. इंटरनेट आणि आधाराचा मोबाइल एकाच कंपनीचे असतील, तर जोडणी दोन दिसतात, आधार एकच असतो. तो आजच तपासून पाहावा.