हुकूमनाम्यानंतरची लढाई

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण इतक्या सहजपणे उच्चारतो, की ती नेमकी कोणाच्या सोयीची आहे याचा विचार करायचे राहूनच जाते. भावाचा हिस्सा दाबून बसलेला भाऊ, मुदत संपूनही जागा न सोडणारा भाडेकरू, उसनवारी बुडवणारा ऋणको या सगळ्यांची भिस्त समोरचा माणूस शहाणपणाने घरी बसेल यावरच असते.

दिवाणी न्यायातल्या विलंबाकडे आपण दुष्काळासारखे पाहतो: न्यायाधीश कमी, दावे फार, इलाज काय? न्यायाधीश कमी आहेत, हे खरेच. पण विलंब दोन्ही पक्षांना सारखा जाचत नाही. जमीन ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्या दृष्टीने दावा एक वर्ष लांबला म्हणजे आणखी एका वर्षाचे पीक हाती आले.

दावा जिंकला तरी हुकूमनामा म्हणजे कब्जा नव्हे. त्याच्या अंमलबजावणीसाठी वेगळी दरखास्त करावी लागते. मग पुन्हा नोटिसा, हरकती, मयताचे वारस आणि कधी अचानक उगवलेला एखादा त्रयस्थ हक्कदार. हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असे निरीक्षण प्रिव्ही कौन्सिलने १८७२ सालीच नोंदवले होते. दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बजावले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयासमोर आलेल्या आकडेवारीनुसार देशभरात ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती प्रलंबित होत्या.

नियमांची वानवा नाही. सुनावणीत एका पक्षकाराला तीनपेक्षा अधिक वेळा तहकुबी देऊ नये, अशी तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेत २००२ पासून लागू आहे. मात्र अपवादात्मक परिस्थितीत ती शिथिल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केले. ते न्याय्यही होते. पण व्यवहारात अपवादच वहिवाट होऊन बसला.

खरी मेख पैशात आहे. जाणूनबुजून खोटा दावा वा बचाव करणाऱ्याकडून भरपाई देववण्याची तरतूद याच संहितेच्या कलम ३५-अ मध्ये आहे. तिची कमाल मर्यादा आहे रुपये ३,०००! २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्याने मोठ्या व्यापारी तंट्यांपुरती ही मर्यादा काढून टाकली. शेताच्या बांधासाठी झगडणाऱ्याच्या नशिबी मात्र ती कायम राहिली. व्यापाऱ्याचा वेळ मोलाचा आणि शेतकऱ्याचा फुकटचा, असेच जणू कायदा म्हणतो.

ही मर्यादा उठवल्यास गरीब माणूस दावा लावायलाच धजावणार नाही, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु प्रामाणिकपणे लढून हरलेल्याला हे कलम लागूच होत नाही. खोटेपणा ठाऊक असूनही जो लढला, त्याच्यापुरतेच ते आहे. तेव्हा ही सवलत सर्वच दाव्यांतून काढावी आणि तहकुबीचा खर्चही समोरच्या पक्षाच्या खऱ्या नुकसानीइतका आकारावा. खोटे लढणे परवडेनासे झाले, तर न्यायाधीशांच्या पुढ्यातली दाव्यांची चळतही काही अंशी आपोआप उतरेल.