व्हेनिसचा नाका आणि खानदेशची पुतळी

संगणकावर खेळले जाणारे डावपेचांचे खेळ हा काय वार्षिकांकात लिहिण्याचा विषय झाला, असे आमचे काही प्राध्यापक विचारतील. वसतिगृहातल्या मंडळींना हा प्रश्न पडणार नाही. जळगाव काय आणि धुळे काय, परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत तिथल्या खोल्यांतून साम्राज्ये उभी राहतात आणि कोसळतात. सनावळ्या पाठ करून आपण निकालाच्या आधीच विसरतो. पण खेळता खेळता डोक्यात शिरलेला इतिहास काही केल्या जात नाही. तेव्हा तो इतिहास आहे तरी कसा, हे एकदा पाहून घ्यावे, एवढाच या लेखाचा उद्देश.

या खेळांतले आमच्या आवडीचे दोन पक्ष म्हणजे इटलीतली व्हेनिस आणि जिनोआ ही शहरे. दोन्हीकडे राजा नव्हता. डोज नावाचा प्रमुख श्रीमंत घराणी आपल्यातून निवडीत, आणि त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्षही ठेवीत. व्हेनिसने १२०४ साली धर्मयुद्धाला निघालेली फौज कॉन्स्टँटिनोपलवर वळवली आणि लुटीत आपला वाटा घेतला. १२६१ मध्ये तिथले जुने राज्य परत उभे राहिले, तेव्हा त्याच्याशी आधीच करार करून जिनोआने व्हेनिसचे आसन डळमळीत केले. १२९८ च्या कुर्झोलाच्या आरमारी लढाईत जिनोआ जिंकले. १३७८ ते १३८१ च्या किओजाच्या युद्धात तर जिनोआचे आरमार व्हेनिसच्या उंबरठ्यापर्यंत येऊन तिथेच अडकले आणि शरण गेले. शंभराहून अधिक वर्षे चाललेले हे वैर गादीसाठी नव्हते. मिरी, रेशीम, मीठ आणि काळ्या समुद्रातली बंदरे यांच्यासाठी होते.

आपल्या क्रमिक पुस्तकांत इतिहास म्हणजे राजा, किल्ला आणि रणांगण. व्यापारी त्यात येतो तो लुटला जाण्यापुरता. या खेळांनी वाण्याला डावाचा नायक केले, ही त्यांची मोठी कामगिरी आम्ही मानतो. २०१३ साली आलेल्या ‘क्रुसेडर किंग्ज’च्या ‘द रिपब्लिक’ या पुरवणीत आपण राजा नसतोच. एका प्रजासत्ताकातल्या पाच घराण्यांपैकी एकाचे कर्ते असतो, आणि निवडणुकीसाठी पैसा राखून ठेवावा लागतो. (आपल्याकडच्या नगरपालिका पाहिलेल्याला हे शिकवावे लागत नाही.) उलट ‘एज ऑफ एम्पायर्स’ने दोघांना ‘इटालियन’ या एकाच पोत्यात घालून जिनोआचे धनुर्धारी त्यांचे खास सैनिक ठरवले. त्या काळच्या व्हेनिसकराला हे कळते तर त्याला जेवण गेले नसते.

पण आमचा खरा वाद आहे तो ‘युरोपा युनिव्हर्सालिस’च्या चौथ्या भागाशी. हाही २०१३ चाच. १४४४ च्या नोव्हेंबरात तो सुरू होतो आणि १८२१ पर्यंत चालतो. व्हेनिस आणि जिनोआ त्यात व्यापारी प्रजासत्ताके आहेत. त्यांनी फार जमीन गिळली तर त्यांची प्रजासत्ताकाची परंपराच खालावते. केवढा मार्मिक नियम! आणि त्याच नकाशावर, गुजरात, माळवा आणि बहमनी यांच्या मधोमध चिमटीत सापडलेले एक लहानसे राज्य आहे : खानदेश. आपला, फारुकी सुलतानांचा खानदेश. हे नाव पडद्यावर प्रथम दिसले की इकडच्या प्रत्येक मुलाला आनंदाचे भरते येते. त्या पडद्याची छायाचित्रे भ्रमणध्वनीवरून खोलीखोलीत फिरतात. जगाच्या पटावर आपणही आहोत!

आहोत खरे, पण कुठे आहोत? या खेळात जगाचा व्यापार नाक्यांनाक्यांनी वाहतो. प्रत्येक नाक्यावरून संपत्ती ठरावीक दिशेनेच पुढे जाते, नदी समुद्राकडे जावी तशी. तिला उलट वळवता येत नाही, मग तुमच्याजवळ कितीही फौज असो. आणि सारे प्रवाह जिथे संपतात असे शेवटचे नाके तीनच आहेत : व्हेनिस, जिनोआ आणि इंग्लिश खाडी. म्हणजे दोन जुने वैरी आणि त्यांचा नवा वारस. खानदेश घेऊन खेळणाऱ्याने वाटेत हात घालून थोडे पाणी अडवावे. समुद्र मात्र दुसऱ्याचाच. झेंडा आपल्याला मिळाला, पण नियम त्यांच्या सोयीचा झाला.

आता इतिहास काय सांगतो ते पाहा. टॅव्हर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात सुरतेहून बऱ्हाणपूरच्या रस्त्याने आपल्याच मुलखातून गेला. नवापूर विणकरांनी भरलेले आहे आणि तिथल्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो, असे त्याने नोंदवले आहे. बऱ्हाणपूरचे तलम कापड इराण, तुर्कस्थान, अरबस्थान, कैरो, इतकेच काय पोलंड आणि मॉस्कोपर्यंत जाते, हेही त्याने लिहिले. त्या कापडाच्या बदल्यात काय येत असे? मुख्यतः चांदी आणि सोने. सुरतेच्या टांकसाळीत परदेशी चांदीचे रुपये पडत. बर्निए हा दुसरा फ्रेंच प्रवासी तर तक्रारीच्या सुरात लिहितो की, जगभर फिरून सोनेचांदी अखेर हिंदुस्थानात येऊन गडप होते. म्हणजे शेवटचा नाका कुठे होता?

याचा पुरावा दप्तरखान्यात शोधायला नको. आपल्या आजीच्या डब्यात तो आहे. पुतळ्यांची माळ आपण सर्वांनी पाहिली आहे. १२८४ पासून व्हेनिसने सोन्याचे डुकाट पाडले. त्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला डोज असे. हे नाणे इतके खरे निघाले की तांबड्या समुद्रावरून आणि इराणी आखातातून ते थेट दख्खनेत आले. त्यावरच्या आकृत्या पाहून आपल्या लोकांनी त्याला ‘पुतळी’ म्हटले. पुढे इकडच्या सोनारांनी त्याच घडणीच्या पुतळ्या केल्या आणि लग्नात नवरीच्या गळ्यात घातल्या. व्हेनिसचा डोज असा खानदेशच्या सुनेच्या गळ्यात येऊन बसला! त्या खेळात मात्र हे सोने या बाजूला येऊच शकत नाही.

नाणे आले, तशी माणसेही आली. निकोलाव मनुची हा अठरा वर्षांच्या आतबाहेरचा व्हेनिसचा पोरगा १६५६ मध्ये सुरतेला उतरला आणि बऱ्हाणपूरवरून आग्र्याकडे गेला. त्याच्या जन्मगावी संपत्ती आपोआप वाहत जात असती, तर त्याने एवढी पायपीट कशाला केली असती?

प्रवाह उलटला, हे खरे आहे. पण तो केव्हा उलटला? १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. पुढे अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच तो कोसळला. कच्चा कापूस बाहेर आणि तयार कापड आत, ही दिशा तोफा, कायदे, जकात आणि आगगाडी यांनी मिळून घडवली. ती माणसांनी केलेली गोष्ट आहे. खेळाने तिला १४४४ पासूनच निसर्गाचा नियम करून टाकले. ज्याच्या बापाने कापसाची गाडी जिनिंगच्या दारात रात्रभर उभी ठेवली आहे आणि भाव दूर कुठेतरी ठरतो हे गुमान ऐकून घेतले आहे, अशा मुलाला तो नियम अगदी सहज पटतो. आम्हाला हेच बोचते.

कोणी म्हणेल, व्हेनिसच्या वाण्याच्या हाती राज्य होते, आपल्या वाण्याच्या हाती तराजू. मग त्याला कशाच्या जोरावर खेळवायचे? आक्षेप वजनदार आहे. सुरतेचा विरजी व्होरा बऱ्हाणपुरापर्यंत आपले अडते ठेवून होता, पण त्याच्यापाशी आरमार नव्हते. तरीही १६६९ च्या सप्टेंबरात काय झाले? काझीच्या जाचाला कंटाळून सुरतेचे सुमारे आठ हजार वाणी दुकानांना कुलपे लावून भडोचला निघून गेले. शहराचा व्यापार बसला. बादशहाकडून आश्वासन मिळाले तेव्हाच, डिसेंबरात, ते परतले. एकही गोळी न झाडता औरंगजेबाच्या राज्यात जिंकलेला हा डाव आहे. व्हेनिसकरांजवळ गलबते होती, सुरतकरांजवळ कुलूप. खेळ रचणाऱ्याला गलबताची चाल सुचली, कुलपाची सुचली नाही.

‘अहो, खेळच तो, एवढे मनाला काय लावून घेता?’ हे आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. बुद्धिबळातला उंट तिरका का चालतो, असे कोणी विचारीत नाही, हेही मान्य. पण बुद्धिबळ स्वतःला इतिहास म्हणवीत नाही, आणि त्यात बऱ्हाणपूर नावाचे घरही नसते. आमचे मत असे आहे की इतिहास विभागाने या खेळांना नाके मुरडू नयेत. टॅव्हर्निएची वाट आणि खेळातला व्यापाराचा नकाशा शेजारी शेजारी मांडून एक प्रकल्प द्यावा. मुले तो मनापासून करतील. आणि मित्रांनो, खानदेशचा झेंडा पाहून हुरळून जाण्याआधी आपणही जरा नियमांची पाने उलटावीत.

२०२५ च्या नोव्हेंबरात या खेळाचा पाचवा भाग निघाला. त्यात नद्यांसारखे ठरलेले प्रवाह काढून टाकले आहेत. माल आता बाजाराबाजारांत दोन्ही दिशांना जाऊ शकतो. मात्र तो सुरू होतो १३३७ मध्ये, आणि मलिक राजाने थाळनेरला स्वतंत्रपणे राज्य थाटले ते १३८२ मध्ये. आमच्या वसतिगृहातले सुलतान सध्या दिल्लीचे मांडलिकही नाहीत. त्यांचा अजून जन्मच व्हायचा आहे.