घरपोच? कुणाच्या घरी?



‘मोबाइलवरच्या ऑर्डरींनी छोटी हॉटेले तारली’ हे आपल्या वाचकाचे म्हणणे चंद्रपूर शहरापुरते कदाचित चालेल. मूल, सिंदेवाही, धानोरा, कुरखेड्याकडे नाही. इथली आलूबोंडा-तर्रीपोह्याची गिऱ्हाइके एसटीतून उतरतात. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे एसटी थांबली, ताडोबाचा व्याघ्र प्रकल्पही बंद झाला. घरपोच पाठवणार कुणाला?

काही खानावळींना आधार झाला तो राज्य सरकारच्या शिवभोजन योजनेचा. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांत सुरू झालेली थाळी मार्चअखेर पाच रुपयांवर आली, एप्रिल २०२१ पासून काही महिने मोफतही झाली. बसून जेवणे बंद, म्हणून पार्सल. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात, आणि ग्रामीण केंद्राला गिऱ्हाइकाचा वाटा धरून थाळीमागे ३५ रुपये. त्यात सुटणार ते काय! पण चूल पेटती राहिली. अर्थात केंद्र मोजक्यांनाच मिळाले, टपरीवाल्यांच्या वाट्याला तेही नाही. ५ ऑक्टोबर २०२० पासून निम्म्या क्षमतेने गिऱ्हाईक बसवायची मुभा आली. ज्याच्याकडे मुळात दोनच बाकडी, त्याने एक उचलून ठेवायचे, एवढाच त्याचा अर्थ.

– एक वाचक, मूल (जि. चंद्रपूर)