नवी आवृत्ती, जुने खेळाडू आणि 'मूळ' नियमांची दंतकथा

#धागा

१/ नेरळ स्थानकात दोन मापांचे रूळ आहेत. मुंबई-कर्जत लोहमार्ग १६७६ मिलिमीटर रुंदीचा. माथेरानचा डोंगर चढणारा अवघा ६१० मिलिमीटरचा. एकाची गाडी दुसऱ्यावर धावू शकत नाही. पण तेवढ्यावरून कोणी एका मार्गाला खरा आणि दुसऱ्याला खोटा ठरवत नाही. खेळांच्या नियमांबाबत मात्र माणसे नेमके हेच करतात. नियमपुस्तकाची नवी आवृत्ती निघाली, की 'आमचा खेळ बुडवला' असा आक्रोश सुरू होतो. हा धागा त्या आक्रोशाच्या इतिहासाविषयी.

२/ ताजे उदाहरण 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चे. चार-सहा जण मेजाभोवती बसतात. एक जण कथेचा सूत्रधार होतो, बाकीचे योद्धा, जादूगार, चोर अशा भूमिका घेतात आणि संकटातून निभावले की नाही हे फासे ठरवतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत हा खेळ प्रसिद्ध केला. पन्नास वर्षांनी, २०२४ मध्ये, त्याची सुधारित नियमपुस्तके निघू लागली आणि खेळाडूंत दोन तट पडले.

३/ आक्षेप अनेक होते. पात्राच्या वंशासाठी वापरला जाणारा 'रेस' हा शब्द जाऊन 'स्पीशीज' आला. पात्राचे अंगभूत गुण वंशाऐवजी त्याच्या पूर्वायुष्यावरून ठरू लागले. काहींना हा बदल न्याय्य वाटला, काहींना तो खेळाच्या आत्म्यावरचा घाव वाटला. 'जुने ते सोने' म्हणणाऱ्यांचा सूर एकच होता : मूळ खेळ असा नव्हता.

४/ इतिहासाचा अभ्यास सुरू होतो तो इथे. मूळ म्हणजे कोणता? १९७४ चा? त्याच दशकाच्या अखेरीस 'ॲडव्हान्स्ड' आवृत्तीची पुस्तके आली आणि आपले स्वामित्वधन डावलले गेले म्हणून अर्नेसनला १९७९ मध्ये न्यायालयात जावे लागले. १९८९ ची दुसरी आवृत्ती? तिच्यात 'डेमन' आणि 'डेव्हिल' ही नावेच गाळली होती, कारण हा खेळ सैतानपूजा शिकवतो असा गहजब ऐंशीच्या दशकात अमेरिकेत झाला होता. २००० ची तिसरी? तीही एका नव्या मालक-कंपनीने खेळ विकत घेतल्यानंतरची.

५/ २००८ मध्ये चौथी आवृत्ती आली तेव्हा तर खेळाडूंनी सरळ वेगळी चूल मांडली. हा संगणकावरच्या खेळासारखा झाला, अशी त्यांची तक्रार होती. तिसऱ्या आवृत्तीचे नियम एका खुल्या परवान्याखाली इतरांनाही वापरता येत होते. त्याच आधाराने दुसऱ्या एका प्रकाशकाने २००९ मध्ये 'पाथफाइंडर' काढला आणि जुना खेळ नव्या नावाने चालू राहिला. या भांडणांना तिकडे 'आवृत्त्यांचे युद्ध' असेच म्हणतात.

६/ महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सारे सातासमुद्रापलीकडचे वाटेल. पण या खेळाची वंशावळ भारतापर्यंत येते. जानेवारी १७७९ मध्ये खालापूर तालुक्यातल्या खोपोलीजवळचा बोरघाट चढून पुण्याकडे निघालेल्या इंग्रज फौजेला वडगावला मराठ्यांशी नामुष्कीचा तह करावा लागला. पुढच्याच वर्षी, १७८० मध्ये, जर्मनीत हेलविग नावाच्या अध्यापकाने बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर डोंगर, नद्या आणि तोफा आणल्या. हा युद्धाचा पटखेळ झाला.

७/ प्रशियात राइसवित्झ पितापुत्रांनी १८१२ आणि १८२४ मध्ये हा प्रकार लष्करी शिक्षणाच्या उपयोगी आणला. त्यात एक तटस्थ पंच असे. सेनापतींना काय दिसले, हल्ल्याचा परिणाम काय झाला, हे तो सांगे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चा सूत्रधार हा त्या पंचाचाच वंशज. अमेरिकेतल्या युद्धखेळांच्या हौशी मंडळींतून १९७४ चा खेळ जन्मला. म्हणजे बुद्धिबळ हा त्याचा खापरपणजोबा; आणि नियमबदलाचे भांडण पणजोबाच्या घरातही झालेच होते.

८/ कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात चतुरंगाचे वर्णन आहे. ते आजचे बुद्धिबळ नव्हे. चतुरंग इराण आणि अरबस्तानात गेले, तिथे ते शतरंज झाले. शतरंजातला फर्जी, म्हणजे आजचा वजीर, तिरका एकच घर सरके. पटावरच्या दुबळ्या मोहऱ्यांत त्याची गणना होई.

९/ पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्या मोहऱ्याला, तिथल्या 'राणी'ला, सर्व दिशांना हवी तितकी घरे जाण्याची मुभा मिळाली. खेळ वेगवान झाला आणि जुन्या चालींची जमवलेली विद्या निरुपयोगी ठरली. इटली आणि फ्रान्समध्ये या नव्या खेळाला जे नाव पडले त्याचा अर्थ होतो 'पिसाळलेल्या राणीचे बुद्धिबळ'. पाचशे वर्षांपूर्वीची ही प्रतिक्रिया आजच्या तक्रारींहून फारशी निराळी नाही.

१०/ आता आपल्याकडचे 'देशी' बुद्धिबळ पाहावे. यात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाते. किल्लेकोट नाही, त्याऐवजी शह बसलेला नसेल तर राजाला डावात एकदा घोड्याची अडीच घरे मिळतात. शेवटच्या ओळीत पोहोचलेले प्यादे मनाजोगते वजीर होत नाही. ज्या मोहऱ्याच्या घरात पोहोचले, ते मोहरे होते. गावोगावी यात फरक होते. कोकणातल्या आणि देशावरच्या अनेक घरांत मुले आजही आजोबांकडून असेच काही नियम शिकतात आणि शाळेच्या स्पर्धेत गेल्यावर गोंधळतात.

११/ या देशी नियमांना कोणी 'अस्सल, अविकृत' म्हटले की मात्र थांबावे लागते. एकोणिसाव्या शतकात नोंदवलेल्या देशी खेळातही वजीर बलाढ्यच होता आणि उंट पटभर तिरका धावत होता. म्हणजे पिसाळलेली राणी देशी पटावर कधीच येऊन बसली होती. ज्याला आज परंपरा म्हणून कवटाळले जाते, तीही एक सुधारित आवृत्तीच. फक्त तिच्या प्रकाशनाची तारीख कोणाच्या ध्यानात राहिली नाही.

१२/ जागतिक नियमांनी देशी नियमांची जागा हळूहळू घेतली. पंजाबचा मीर सुलतान खान देशी पद्धतीत वाढला. नवे नियम शिकून त्याने १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये ब्रिटनचे अजिंक्यपद जिंकले. १९५१ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. १९५५ मध्ये एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. स्पर्धा, पंच, पुस्तके सारे एका बाजूला गेले. देशी पट घरच्या ओसरीपुरता उरला.

१३/ या बदलाने दिले काय? जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. सगळ्या जगाचे नियम एक नसते, तर तो सामना उभाच राहिला नसता. नेले काय? संथ उभारणीचा एक निराळा डाव. प्यादे कोणत्या घरात पोहोचवायचे याची आखणी ज्यात पहिल्यापासून करावी लागे, असा एक विचार. लाभ मोठा आहे. म्हणून हानी शून्य ठरत नाही.

१४/ नियम एकमेकांत गुंतलेले असतात, हेही लक्षात घ्यावे. प्याद्याला दोन घरांची पहिली चाल मिळाली, तेव्हा शेजारच्या प्याद्याला चकवून पुढे सटकण्याची पळवाट निघाली. ती बुजवण्यासाठी 'जाता जाता मारणे' हा नियम आला. एक धागा ओढला की वीण बदलते. म्हणून 'एवढासा तर बदल आहे' असे म्हणून जुन्या खेळाडूची थट्टा करणे हे अज्ञान आहे. अनेक वर्षांच्या सरावाने हाती आलेली त्याची विद्या खरोखरच मोडीत निघत असते.

१५/ तरीही दोन रागांत भेद करायला हवा. पहिला राग म्हणतो : नियम बदललेच का? इतिहास याला आधार देत नाही. न बदललेला खेळ सहसा कोणी न खेळलेला खेळ असतो. दुसरा राग म्हणतो : आमचे जुने नियम वापरण्याचा आमचा हक्क का काढता? हा राग निराळा आहे आणि तो रास्त आहे.

१६/ जानेवारी २०२३ मध्ये हेच घडले. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या मालक-कंपनीचा नव्या परवान्याचा मसुदा फुटला. २००० पासूनचा खुला परवाना रद्द करून इतर निर्मात्यांवर जाचक अटी घालण्याचा विचार त्यात दिसला. खेळाडूंनी निषेधपत्रे काढली, कंपनीच्या संकेतस्थळाची वर्गणी बंद केली. त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनीने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम कायमच्या खुल्या परवान्याखाली ठेवले.

१७/ तेव्हा नियमांच्या चवीवर कोणाचे एकमत नव्हते, आजही नाही. चौथी आवृत्ती आवडणारे आणि तिचा तिरस्कार करणारे एका बाजूला उभे राहिले, कारण प्रश्न आवडीचा नव्हता. छापील पुस्तक कंपनीचे असेल. पण मेजाभोवती बसून घडवलेला खेळ खेळणाऱ्यांचा असतो. आवृत्त्यांच्या साऱ्या युद्धांत लढण्याजोगी लढाई हीच होती.

१८/ देशी बुद्धिबळाचा धडा मात्र याहून कडू आहे. त्यावर कोणी बंदी घातली नव्हती, कोणी परवाना काढून घेतला नव्हता. ते खेळण्याचा हक्क आजही प्रत्येकाला आहे. समोर बसणारा भिडू नाही, एवढेच. हक्क शाबूत राहूनही खेळ विरतो. नुसत्या जिव्हाळ्याने आणि नुसत्या संतापाने तो टिकत नाही. तो शिकवावा लागतो, लिहून ठेवावा लागतो.

१९/ म्हणून नव्या आवृत्तीला शिव्या देण्यात जाणारी संध्याकाळ दुसऱ्या कामी लागावी. नेरळ, कर्जत, खालापूरच्या गावांत देशी नियमांनी खेळलेले आजी-आजोबा अजून भेटतील. राजाची अडीच घरे कधी चालत, प्यादे कशाचे काय होई, एकटा राजा उरला तर डाव कोणाचा, हे त्यांना विचारावे. गाव, वर्ष आणि सांगणाऱ्याचे वय यांसह ते नोंदवावे. आणि मग त्यांच्याच नियमांनी त्यांच्याशी एक डाव खेळावा. ग्रंथालयात न मिळणारे हे साधन आहे, आणि ते फार काळ थांबणार नाही.

२०/ माथेरानची १९०७ मधली छोटी गाडी केवळ लोकांना लाडकी म्हणून उरली नाही. २००५ च्या पावसाने तिचा मार्ग वाहून नेला. तो बांधून २००७ मध्ये गाडी पुन्हा धावली. २०१९ च्या पावसाने पुन्हा मार्ग तुटला. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती पुन्हा निघाली. दर खेपेला कोणीतरी डोंगरात जाऊन रूळ बसवले. मोठ्या मार्गाला दूषणे देऊन धाकटा मार्ग दुरुस्त होत नसतो. खेळांचेही तसेच आहे.

(धागा समाप्त)