श्रेयाची रोजकीर्द

भाऊबंदांतील वाटणीचा तंटा एक वेळ मिटेल. पण यंत्राच्या जनकत्वाचा तंटा सहसा मिटत नाहीं. बिनतारी संदेश टिपणाऱ्या एका चिमुकल्या साधनाविषयींचा वाद शंभरांहून अधिक वर्षें चालला आहे. त्यांत एक पक्ष आपल्या देशाचा असल्यामुळें आमच्या लोकांचीं मनें चटकन् तापतात. म्हणूनच प्रथम हकीकत शांतपणें पाहणें बरें.

त्या काळीं विद्युल्लहरी ओळखण्यासाठीं धातूचा कीस भरलेली नळी वापरीत. लहर येतांच कीस चिकटून बसे व तो मोकळा करण्यास नळीला टिचकी मारावी लागे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांतील प्रोफेसर जगदीशचंद्र बोस यांनीं लोखंड व पारा यांचा संयोग योजून आपोआप पूर्ववत् होणारें साधन केलें, त्यास टेलिफोन जोडला आणि १८९९ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें त्याचें वर्णन ठेविलें. पुढें १२ डिसेंबर १९०१ रोजीं मार्कोनी यांनीं न्यूफाउंडलंड येथें अटलांटिकपलीकडचे संकेत ऐकल्याचें जाहीर झालें. त्या प्रयोगांतहि पाऱ्याचें साधन व टेलिफोन हींच होतीं. तें साधन त्यांस इटालियन आरमारांतील अधिकारी सोलारी यांनीं दिलें होतें. परंतु त्याच्या ब्रिटिश पेटंटाचा अर्ज आधीं मार्कोनींच्या एकट्याच्या नांवें झाला, सोलारींचें नांव मागाहून आलें. लगेच इटलींत प्रोफेसर बांती यांनीं, खरा कर्ता आरमारांतील कास्तेल्ली नांवाचा एक साधा संदेशक आहे, असें म्हटलें. सोलारींनीं उत्तर दिलें कीं, कल्पना एका इंग्रजी प्रकाशनांत वाचलेल्या मजकुरावरून सुचली. १९९८ सालीं प्रबीर बंद्योपाध्याय यांनीं हा धागा बोस यांच्या निबंधापर्यंत नेऊन दाखविला.

मग मार्कोनी यांस चोर म्हणावें काय? आम्हांस तें मान्य नाहीं. इटालियन नळींतील पाऱ्याच्या थेंबाची मांडणी बोस यांच्या मांडणीहून निराळी होती, आणि महासागर ओलांडणारी संदेशयोजना उभारण्याचें धाडस मार्कोनींचेंच होतें. परंतु मांडणी बदलली म्हणजे मूळ कल्पनेचें ऋण फिटलें, असेंहि नव्हे. ज्याच्या भांडवलावर दुकान चाललें त्याचें नांव वहींत न लिहिणाऱ्या व्यापाऱ्यास बाजार काय म्हणतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

बोस यांस पेटंटाची हौस नव्हती. मित्रांच्या आग्रहानें त्यांनीं दुसऱ्या एका ग्राहकाचें अमेरिकन पेटंट मागितलें. तें १९०४ सालीं मिळालें, पण त्यावर त्यांनीं व्यापार केला नाहीं. तरीहि आज त्यांचा हक्क उभा आहे तो कशावर? देशाभिमानाच्या आरोळ्यांवर नव्हे, तर १८९९ च्या छापील निबंधावर! रोजकीर्दींत तारीखवार नोंद आहे, म्हणून दावा टिकला. आमच्याकडे मात्र कसब घराण्यांत लपविण्याची चाल. बाप मुलालाहि शेवटची युक्ति सांगत नाहीं, आणि ती त्याच्याबरोबर स्मशानांत जाते. अशा समाजानें पुढें 'हें आमचेंच होतें' म्हणून ओरडावें, यांत काय अर्थ?

आणखी एक गोष्ट आमच्या मनाला लागते. बोस यांचीं उपकरणें घडविण्यास कलकत्त्यांतील पत्र्याचें काम करणाऱ्या एका अशिक्षित कारागिराचे हात लागले. बोस यांनींच त्यास शिकवून तयार केलें होतें. इटलींतील संदेशकाची बाजू घेणारा एक प्रोफेसर तरी निघाला. आमच्या या कारागिराचें नांव एवढ्या वादांत कोणी उच्चारीत नाहीं. परक्यांनीं बोस यांचें नांव गाळलें म्हणून रागावणाऱ्यांनीं आपल्या वहींतील हें कोरें पानहि पाहावें.

तात्पर्य, जो कोणी नवें कांहीं करील त्यानें तें तारखेसह लिहून प्रसिद्ध करावें; जो त्यांत सुधारणा करील त्यानें मूळ कोठलें तें सांगावें; आणि ज्यांच्या हातांनीं तें घडलें त्यांचीं नांवेंहि त्याच पानावर घालावीं. एवढी शिस्त आमच्या शाळांत व कारखान्यांत आधीं लागूं द्या. मग दुसऱ्यांकडे हिशेब मागण्यास आम्हांस तोंड राहील.