सगळेच वेगळे, मग भिंतीपाशी कोण?

गेल्या वर्षी दिल्लीतल्या एका विद्यापीठात नव्या विद्यार्थ्यांसाठी मी एक सत्र घेतलं. विषय होता 'माझं वेगळेपण, आपलं वैविध्य'. अशी कामं विभाग पीएचडीवाल्यांना हक्काने देतो. त्यातही समाजशास्त्राची आणि वर आरक्षित जागेवरची म्हटल्यावर माझं नाव आधी सुचतं. मीही आनंदाने हो म्हटलं. म्हणजे पुढे जे झालं ते माझ्याच हातून झालं.

खेळ ठरलेला होता. त्याला 'प्रिव्हिलेज वॉक' म्हणतात. अमेरिकेतल्या प्रशिक्षण-शिबिरांतून तो आपल्याकडे आलाय. सगळ्यांनी एका रेषेत उभं राहायचं. आईवडील पदवीधर असतील तर एक पाऊल पुढे. घरात पुस्तकांचं कपाट असेल तर पुढे. आडनाव ऐकून कुणाचा चेहरा बदलला असेल तर एक पाऊल मागे. पंधरा प्रश्न झाल्यावर मागच्या भिंतीला एकच मुलगा टेकला होता. बिहारमधल्या खेड्यातला, घरातला पहिला बारावी पास. मी म्हटलं, "आता सगळ्यांनी वळून पाहा." चाळीस जणांनी वळून पाहिलं. पुढच्या ओळीतल्या दोन मुलींना रडू आलं. अभिप्रायाच्या कागदांवर 'डोळे उघडले', 'खूप शिकायला मिळालं' असं लिहून आलं. तो मुलगा दुपारी जेवायला आला नाही.

दोन दिवसांनी लायब्ररीबाहेर भेटला. म्हणाला, "दीदी, फळ्यावर 'माझं वेगळेपण' लिहिलं होतं. मला सांगायचं होतं की पाटण्याहून सुटणाऱ्या सगळ्या गाड्यांच्या वेळा मला पाठ आहेत. तुम्ही ते विचारलंच नाही."

खरंच नव्हतं विचारलं.

२०१९ मध्ये यूजीसीने नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागतासाठी 'दीक्षारंभ' ही मार्गदर्शिका काढली. तेव्हापासून असे कार्यक्रम वाढलेत. मी पाहिलेल्या बहुतेकांत वैविध्य म्हणजे पदार्थ, पोशाख आणि लोकनृत्य. प्रत्येक जण वेगळा, प्रत्येक जण सुंदर, चला टाळ्या. ऐकायला गोड आहे, पण यात एक लबाडी आहे. इडली आणि लिट्टी वेगळ्या आहेत. त्या एकाच टेबलावर शेजारी ठेवता येतात. कुणाच्या पंगतीला कुणी बसायचं नाही, हा वेगळेपणा नव्हे, हा हुकूम आहे. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हेच मांडलंय: जात श्रम करणाऱ्या माणसांनाच वाटते आणि त्यांची एकावर एक उतरंड रचते. उतरंडीतल्या मडक्यांना 'तुम्ही सगळी किती वेगवेगळी' म्हणून कौतुकाने सांगणारा नेमकं काय लपवतो, हे तळाच्या मडक्याला विचारा.

साताऱ्याच्या शाळेनेही लहानग्या भीमरावाचं 'वेगळेपण' ओळखलं होतंच की. बसायला त्याचं वेगळं गोणपाट होतं. शाळा झाडणारा माणूसही त्याला हात लावत नसे, म्हणून ते रोज घरी न्यायचं आणि रोज परत आणायचं.

पण माझा खेळ तर उतरंड दाखवत होता, मग तो का चुकला? कारण त्यात तो मुलगा मुलगा उरलाच नाही, धडा झाला. पुढच्यांना रडायला एक जिवंत उदाहरण मिळालं आणि रडून ते मोकळे झाले. त्यांच्या पुढे जाण्याचा हिशेब कुणी मागितला नाही.

हे पुढेही चालूच राहतं. गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये 'ईपीडब्ल्यू'त विचारलं होतं की भारतातली सामाजिक शास्त्रं कितपत समतावादी आहेत. सिद्धांत मांडणारे एकीकडे आणि अनुभव, आकडे पुरवणारे दुसरीकडे, अशी ज्ञानाचीही वर्णव्यवस्था त्यांनी दाखवली. मला हवामानाचा अंदाज शेतकरी कसा ऐकतात यावर काम करायचं होतं. एक प्राध्यापक म्हणाले, "तुझ्याकडे तुझा अनुभव आहे, त्यावरच कर ना." सवर्ण मित्राने जपानी सिनेमावर प्रस्ताव दिला, त्याला त्याचा अनुभव कुणी मागितला नाही. आणि आपल्यातलेही काही जण विचारतात, समाजाचे प्रश्न सोडून हे काय? मला ते जास्त लागतं. जातीवर काम करणं मोठं आहे, मीही आता तेच करते आहे. पण ते मी निवडायला हवं होतं.

घरातल्या पहिल्या पदवीधराला आवडनिवड जपायला वेळही लागतो. शिष्यवृत्ती सहा-सहा महिने अडकली की शिकवण्या घ्याव्या लागतात, मग गाड्यांच्या वेळा कुठल्या पाठ राहणार? भेदभाव रोखण्यासाठी यूजीसीने २०१२ मध्ये नियम केले, समान संधी कक्ष सांगितला. नव्या मुलांना त्या कक्षाची खोली कुठे आहे, तक्रार कुणाकडे द्यायची, हे आमच्या सत्रात नव्हतं. लोकनृत्य होतं.

यंदा मी सत्राचा आराखडा बदलून दिला. पावलांचा खेळ काढला. पहिला तास: तुम्हाला काय येतं, काय आवडतं, कशाचं कुतूहल आहे. आडनाव सांगायचं नाही. दुसरा तास: उतरंड कशी बनली, कायदा काय म्हणतो, तक्रार कुठे करायची. आणि सगळ्यांसाठी एक लेखी प्रश्न, नाव न घालता: 'तुमची जात तुम्हाला आजवर कुठे कुठे उपयोगी पडली?'

विभागाने पहिला तास ठेवला. दुसरा अर्ध्या तासावर आणला. प्रश्नावर लाल रेघ मारून शेजारी लिहिलं होतं, 'वातावरण बिघडेल.' तो कागद मी जपून ठेवलाय. येत्या बैठकीत तोच प्रश्न परत ठेवणार आहे, आणि यावेळी विभागातल्या प्राध्यापकांनीही त्याचं उत्तर लिहावं असं सुचवणार आहे.